फांद्या, साल आणि गाभा : लवचिक प्रमाणपत्राची एक समीक्षा

अमरावती-अकोला भागात पालीचे अध्यापन करणाऱ्यास दरवर्षी जून-जुलैत एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "सर, एका वर्षात काय मिळेल?" हा प्रश्न दोन प्रकारची माणसे विचारतात. एक, नुकताच बारावी झालेला तरुण. त्याच्या घरी पेरणीचा पैसा आणि प्रवेशाचा पैसा एकाच पंधरवड्यात लागतो आणि बहुधा बियाण्याची बाजू जिंकते. दुसरी, विहारात रोज वंदना म्हणणारी, परित्तपाठ मुखोद्गत असलेली, परंतु शाळा मध्येच सुटलेली गृहिणी. दोघांचा प्रश्न एकच असला तरी अर्थ वेगळा आहे. पहिला विचारतो ते बाहेर पडण्याविषयी, दुसरी विचारते ती आत येण्याविषयी. विद्यापीठीय शिक्षणात आज या प्रश्नास 'प्रमाणपत्र' हे एकच उत्तर दिले जात आहे. एकाच कागदाने या दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे मिळतात काय, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

योजना काय म्हणते

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांपासून आरंभ होऊन २०२४-२५ या वर्षापासून संलग्न महाविद्यालयांतही ही रचना आली. तिचा सांगाडा असा : पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक मिळवून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांचे ८० मिळवणाऱ्यास पदविका, तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांना पदवी आणि चौथ्या वर्षाअखेर १६० श्रेयांकांना ऑनर्स. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी. मिळवलेले श्रेयांक 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' नावाच्या पेढीत जमा राहतात. या पेढीची नियमावली २०२१ ची आहे.

ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये मधल्या टप्प्यांवर बाहेर पडण्याची सोय असलेला चार वर्षांचा अभ्यासक्रम आणला होता. तो एका वर्षातच, २०१४ मध्ये मागे घ्यावा लागला. आता तीच कल्पना देशव्यापी झाली आहे.

योजनेची न्याय्य बाजू आधी मांडली पाहिजे. पूर्वी जो विद्यार्थी बी. ए. च्या पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडी, त्याच्या हाती गुणपत्रिकेशिवाय काही नसे. काही वर्षांनी तो परत आला तर अभ्यासक्रम बदललेला असे आणि बहुधा पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. त्याचे शिकलेले वाया जाऊ नये, ही भूमिका मानवी आहे, आणि तिला विरोध करण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. विद्यार्थ्याची गळती हा ज्या समाजाचा जुना घाव आहे, त्याने तर तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु औषधाचे स्वागत करताना ते कोणत्या रोगावर आहे, हेही पाहावे लागते.

पायरी आणि थांबा

मज्झिम निकायातील गणकमोग्गल्लान सुत्तात गणक मोग्गल्लान नावाचा ब्राह्मण श्रावस्तीच्या पूर्वारामात भगवंतांना भेटतो. तो व्यवसायाने हिशेबनीस आहे. मिगारमातेच्या प्रासादाची खालची पायरी दाखवून तो म्हणतो की, या वास्तूत जशी क्रमवार शिक्षा आणि क्रमवार वाट दिसते, तशी आपल्या धम्मविनयात दाखवता येईल काय? भगवंत ती दाखवतात : शीलापासून इंद्रियसंवरापर्यंत, तेथून जागृतीपर्यंत, तेथून ध्यानापर्यंत. प्रत्येक पायरीवर 'ये, आता पुढे हे कर' असे सांगणारा गुरू उभा आहे. पायरीचा अर्थ वरच्या मजल्याने ठरतो. वरचा मजला काढून घेतला तर तीच पायरी ओटा होते.

धोरणकर्त्यांनीही पायऱ्यांची भाषा वापरली आहे. फरक एवढाच की, त्यांनी प्रत्येक पायरीवर एक बाहेर जाणारे दार बसवले. पायरी चढण्यासाठी असते आणि दार बाहेर जाण्यासाठी असते. दोन्ही एकाच ठिकाणी असतील तर ज्याच्या पाठीशी घरचा आधार आहे तो चढेल, आणि ज्याच्या पाठीवर घरचा भार आहे तो दाराकडे वळेल. नियम दोघांना समान आहे, परिणाम समान नाही. समान नियमातून असमान परिणाम कसे निपजतात, हे बाबासाहेबांच्या वाचकास वेगळे सांगण्याची गरज नाही.

मधल्या टप्प्याला स्वतःचे मोल असू शकत नाही, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. धम्मात सोतापन्न हा मधलाच टप्पा आहे. पुनर्जन्माच्या परंपरागत भाषेचा वाद येथे बाजूस ठेवू. त्या भाषेत सोतापन्नास फार तर सात जन्म उरतात, आणि आयोगाने आपल्या विद्यार्थ्यास सात वर्षे दिली आहेत! साम्य गमतीचे असले तरी भेद मूलगामी आहे. सोतापन्न 'नियत' आहे. तो मागे घसरत नाही आणि त्याचे पोहोचणे निश्चित आहे. सात हा आकडा त्याच्यासाठी आश्वासन आहे. आपल्या विद्यार्थ्यासाठी सात हा आकडा केवळ मुदत आहे. मुदत संपली की पेढीतील श्रेयांकही संपतात. ज्या टप्प्यावरून पुढे जाणे निश्चित झालेले आहे तो मधला टप्पा खरा, आणि जेथून पुढे जाणे केवळ 'शक्य' आहे तो थांबा होय.

जीविकेला पुरेसे किती?

दुसरी कसोटी जीविकेची. विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची कथा आहे. राजपुत्र अभयाने वाढवलेला हा मुलगा तक्षशिलेस जातो आणि एका प्रसिद्ध वैद्याकडे सात वर्षे शिकतो. 'या विद्येचा अंत केव्हा दिसणार?' असे तो विचारतो तेव्हा गुरू त्याच्या हाती खुरपे देऊन तक्षशिलेच्या सभोवती योजनभर हिंडून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगतात. जीवक रिकाम्या हातांनी परततो. त्या रिकाम्या हातांतच त्याची परीक्षा उत्तीर्ण झालेली असते. तेव्हा गुरू सांगतात की एवढे शिक्षण उपजीविकेस पुरे आहे, आणि वाटखर्चाला थोडी शिदोरी देऊन त्यास निरोप देतात. साकेतपर्यंत येता येता ती शिदोरी संपते. तेथे एका श्रेष्ठीच्या पत्नीची सात वर्षांची डोकेदुखी बरी करून तो पहिली कमाई करतो.

जीवकाजवळ कागद नव्हता. 'हे पुरेसे आहे' असा निर्णय गुरूने दिला होता आणि व्यवहाराने तो खरा ठरवला. आजच्या एका वर्षाच्या प्रमाणपत्रास हीच कसोटी लावून पाहू. पोलीस शिपाई भरतीस बारावी पुरते. शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदास पदवी लागते. राज्यसेवेच्या परीक्षेस पदवी लागते. या दोहोंच्या मध्ये बी. ए. प्रथम वर्षाच्या प्रमाणपत्रास स्वतंत्र जागा कोठे आहे? नोकरीच्या बाजारात तो विद्यार्थी बारावी उत्तीर्णच राहतो. फक्त वयाने एक वर्ष मोठा. जे प्रमाणपत्र भरतीच्या जाहिरातीत दिसत नाही, ते जीविकेला पुरेसे आहे असे कोणत्या गुरूने ठरवले?

याचे उत्तर म्हणून योजनेत एक तरतूद आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत चार श्रेयांकांचा एखादा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केला, तरच त्यास प्रमाणपत्र मिळते. कागदावर हे शहाणपणाचे दिसते. परंतु जो पैशाअभावी बाहेर पडत आहे, त्याच्यासाठी याचा अर्थ काय होतो, ते पाहावे. एक श्रेयांक म्हणजे पंधरा तासांचे अध्यापन किंवा तीस तासांचे प्रात्यक्षिक. म्हणजे चार श्रेयांकांस साठ ते एकशेवीस तास. अकोल्याच्या मे महिन्यात, जेव्हा घरची माणसे वखरणीच्या, वीटभट्टीच्या वा बांधकामाच्या मजुरीवर असतात, तेव्हा या मुलाने आणखी इतके तास द्यावेत, त्यासाठी गावाहून जाणे-येणे करावे, आणि मगच त्यास 'तू गेलास' असे लिहून मिळावे. ज्याला हे जमते त्याला बहुधा दुसरे वर्षही जमले असते. ज्याला जमत नाही त्याच्या हाती पूर्वीप्रमाणेच गुणपत्रिका राहते.

परत येणाऱ्याचा प्रश्न

योजनेचा सर्वांत आकर्षक भाग म्हणजे परत येण्याची सोय. याविषयी पाली वाङ्मयात एक मार्मिक कथा आहे. धम्मपद-अट्ठकथेत चित्तहत्थ थेराची हकीकत येते. श्रावस्तीचा हा शेतकरी हरवलेला बैल शोधत रानात फिरत होता. दमून विहारात आला, तेथे भिक्षूंनी त्यास उरलेले अन्न दिले. कष्ट न करता इतके चांगले अन्न मिळते, हे पाहून तो प्रव्रजित झाला. अंगावर मांस चढले, घर आठवले, चीवर उतरवून गेला. पुन्हा आला. असे सहा वेळा झाले. सातव्या वेळी भिक्षू कुरकुरले. वारंवार मुंडन करून तुझे डोके धार लावण्याच्या दगडासारखे झाले आहे, असे त्यांनी त्यास ऐकवले. तरीही त्यांनी त्यास आत घेतले. सातव्या वेळी तो परत गेला नाही, अर्हत झाला.

बहुप्रवेश आणि बहुनिर्गमाचे याहून जुने उदाहरण क्वचितच सापडेल. त्यातील दोन गोष्टी आपल्या विषयास लागू आहेत. पहिली ही की, संघ त्याची मागील वर्षे जमेस धरीत नसे. शिक्षा सोडून गेलेला भिक्षू पुन्हा उपसंपन्न झाला की त्याचे वस्स नव्याने मोजले जात. म्हणजे श्रेयांकांची पेढी संघात नव्हती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पेढी नव्हती, पण पात्र होते. चित्तहत्थ प्रत्येक वेळी परत येऊ शकला, कारण विहारात आल्याबरोबर त्यास अन्न, निवारा आणि उपज्झाय मिळत होते. त्याचे पहिले येणेही अन्नामुळेच झाले. आजच्या रचनेने याच्या नेमके उलट केले आहे. मागील श्रेयांक जपून ठेवले, परंतु परत येणाऱ्याच्या भोजनाची, खोलीची आणि मार्गदर्शकाची सोय त्या पेढीत जमा होत नाही. पेढीत श्रेयांक साठवता येतात, वसतिगृहातील जागा साठवता येत नाही.

हेच सत्य बाबासाहेबांच्या चरित्रातही दिसते. १९१६ मध्ये कोलंबियाहून ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. जहाजाने स्वतंत्रपणे पाठवलेली त्यांची ग्रंथसंपदाही पाणतीराने बुडाली. निघताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची विशेष परवानगी मिळवली होती. आजच्या भाषेत ही पुनःप्रवेशाची सवलतच होय. परंतु ती सवलत त्यांना लंडनला घेऊन गेली नाही. बडोद्याच्या नोकरीतील अपमान, त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकी, पोटाला चिमटा घेऊन केलेली बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भाथेना या मित्राचे कर्ज, एवढे सारे जमले तेव्हा १९२० मध्ये ते परत जाऊ शकले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. परवानगी कागदावर होती; परत जाणे माणसांनी आणि पैशांनी घडवले. म्हणूनच पुढे बाबासाहेबांनी केवळ भाषणे केली नाहीत, वसतिगृहे काढली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. १९४६ च्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी ठेवले गेले, ते नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो हे संस्थापकास ठाऊक होते म्हणून. लवचिकता म्हणतात ती ही. तेथे शिकणाऱ्याने बाहेर पडू नये म्हणून संस्थेने स्वतःचे घड्याळ बदलले.

आपल्या वऱ्हाडातही हे शहाणपण अपरिचित नव्हते. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालवले. ज्यांचे नाव आज आपल्या विद्यापीठास आहे त्या गाडगेबाबांनी पंढरपूरची आपली धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. या दोघांनी आधी निवारा आणि भाकरी पाहिली.

दोन प्रमाणपत्रे

आता पालीकडे वळू. 'पालीचे प्रमाणपत्र' या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न वस्तू आहेत, आणि त्यांची गल्लत होत आहे.

पहिली वस्तू जुनी आहे. मुंबई, पुणे या विद्यापीठांत पालीचे प्रमाणपत्र आणि पदविका असे स्वतंत्र वर्ग अनेक वर्षांपासून चालत आले आहेत. त्यांत नोकरदार, निवृत्त, गृहिणी, उपासक असे सगळे येतात. वर्ष लहान, परंतु त्यातील प्रत्येक तास पालीचा. नामरूपे, क्रियापदे, धम्मपदातील वा जातकांतील वेचे. वर्षाअखेर विद्यार्थी अडखळत का होईना, मूळ वाचू लागतो. या वर्गात मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. ज्या बाईने तीस वर्षे त्रिसरण म्हटले, तिला 'बुद्धं' या रूपात द्वितीया विभक्ती आहे आणि 'समादियामि' हे प्रथमपुरुषी एकवचनी क्रियापद आहे, म्हणजे 'मी स्वतः स्वीकारते' असा त्याचा अर्थ आहे, हे ज्या दिवशी उमगते त्या दिवशी तिच्या म्हणण्याचा स्वर बदलतो. हे शिक्षण अस्सल आहे. परंतु पदवीच्या इमारतीत त्याला पायरी नाही. ती बाई उद्या बी. ए. ला आली तर तिच्या त्या वर्षाचा हिशेब पुढे धरला जात नाही. ती खोली चांगली आहे, पण तिला पुढचे दार नाही.

दुसरी वस्तू नवी आहे : बी. ए. चे पहिले वर्ष तोडून केलेले प्रमाणपत्र. समजा, पाली हा मुख्य विषय घेतला. तरी पहिल्या वर्षाच्या श्रेयांकांत मुख्य विषयाचा वाटा अर्ध्याहूनही कमी. उरलेले श्रेयांक खुल्या निवडीचे विषय, कौशल्ये, इंग्रजी, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहशालेय उपक्रम यांत विभागलेले. विषय म्हणून यांतील प्रत्येकाचे समर्थन करता येईल. परंतु तीन वर्षांच्या रचनेत जे वैविध्य पुढे एकत्र येणार होते, ते पहिल्या वर्षाअखेर तोडले की केवळ विखुरलेपण उरते. दोन श्रेयांकांच्या एखाद्या पाली पत्रिकेत तीस तास मिळतात. तीस तासांत अकारान्त पुल्लिंगी नामाची रूपे आणि वर्तमानकाळ नीट झाला तरी अध्यापकाने समाधान मानावे. त्यावर 'पाली' हे नाव छापणे म्हणजे उंबरठ्याला घर म्हणणे होय.

तिसरे एक उदाहरण या दोहोंहून वेगळे आहे, आणि आज त्याचे स्मरण करणे अगत्याचे आहे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांसाठी त्याने पूर्वतयारी शिक्षणक्रम आखला. तो पूर्ण करणाऱ्यास बारावीच्या अटीशिवाय पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश मिळत असे. घरी बसलेल्या कितीतरी स्त्रिया, कामगार, शिपाई त्या वाटेने आले. पुढे अशा पदवीधरांना नोकरीच्या दारात 'तुमची बारावी कोठे आहे?' असे विचारले गेले, हे खरे. तो दोष त्या शिक्षणक्रमाचा नव्हता. ज्या व्यवस्थेने दार उघडले तिने आतल्या चौकीदारास ते कळवले नव्हते. तरीही त्या कल्पनेतील मूलतत्त्व फार मोलाचे आहे. तेथील छोटा अभ्यासक्रम आत येण्यासाठी होता. आजचे प्रमाणपत्र बाहेर जाण्यासाठी आहे. एक प्रवेशाचे, दुसरे निर्गमाचे. लवचिक हा शब्द दोहोंस लावला जातो, पण वाकण्याची दिशा विरुद्ध आहे.

फांद्या घेऊन जाणारा माणूस

देवदत्त संघ सोडून गेल्यानंतर राजगृहाच्या गृध्रकूटावर भगवंतांनी महासारोपम सुत्त सांगितले. गाभ्याच्या लाकडासाठी निघालेला माणूस मोठ्या वृक्षाजवळ येतो आणि फांद्या-पानेच गाभा समजून घेऊन जातो. दुसरा बाहेरची साल नेतो, तिसरा आतली साल, चौथा गाभ्याभोवतालचे कच्चे लाकूड. लाभसत्कार म्हणजे फांद्या-पाने, शीलसंपदा ही बाह्य साल, समाधी ही अंतर्साल, ज्ञानदर्शन हे कच्चे लाकूड आणि अढळ विमुक्ती हा गाभा, असा त्याचा उलगडा आहे. येथे ध्यानात ठेवण्याजोगे हे की, शील-समाधीला भगवंत निरुपयोगी म्हणत नाहीत. साल झाडाचीच असते. दोष आहे तो सालीस गाभा समजून तृप्त होण्यात. कारण गाभ्याने जे काम व्हावयाचे ते सालीने होत नाही.

हे रूपक आपल्या विद्यार्थ्यास लावताना मात्र सावध राहिले पाहिजे. त्या सुत्तातील माणूस अज्ञानाने फांद्या नेतो. आपला विद्यार्थी अज्ञानी नाही. गाभा कोठे आहे हे त्यास पक्के ठाऊक आहे. पण ऐन कापसाच्या वेचणीत हिवाळी परीक्षा येते आणि कुऱ्हाड उसनी आणलेली असते. तेव्हा त्यास 'तू फांद्यांवर का संतुष्ट झालास?' असे विचारणे क्रूरपणाचे होईल. प्रश्न विचारावयाचा तो फांद्या बांधून हाती देणाऱ्यास आणि त्या मोळीवर 'लाकूड' अशी चिठ्ठी लावणाऱ्यास.

आणि येथे बोट आपल्याकडेही वळते. आपण, पालीचे अध्यापक आणि आंबेडकरी संस्था, यांनी या भाषेचे काय केले? विदर्भात पाली घेणाऱ्यांची संख्या मोठी राहिली आहे, ही अभिमानाची गोष्ट. पण ती पुष्कळदा 'गुण मिळवून देणारा विषय' म्हणून घेतली गेली. मराठीत प्रश्न, मराठीत उत्तरे, मार्गदर्शिकेतील भाषांतर पाठ, मूळ गाथा न वाचता उत्तीर्ण. म्हणजे आयोगाने प्रमाणपत्र आणण्यापूर्वीच आपण पालीला फांद्या-पाने करून ठेवले होते. २०१३ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतून पाली हा ऐच्छिक विषय वगळला गेला तेव्हा आपण रास्त निषेध केला. परंतु त्यानंतर किती महाविद्यालयांत मूळ ग्रंथवाचन वाढले, हाही प्रश्न स्वतःस विचारावयास हवा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीबरोबर पालीसही अभिजात भाषेचा दर्जा दिला. अभिजात भाषा तीस तासांत उरकण्याची वस्तू नव्हे, हे आता शासनाच्याच शब्दाने सांगता येईल. ज्या बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारून फारसी घ्यावयास लावले गेले, त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर स्वहस्ते काम केले. ते कोणत्याही श्रेयांकासाठी नव्हते.

मग करावे काय?

समीक्षकाने दोष दाखवून थांबू नये, म्हणून काही गोष्टी नोंदवतो. त्या सर्व आजच्या चौकटीतच शक्य आहेत.

पहिली : प्रमाणपत्राचे तोंड आत वळवावे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात पूर्वी घेतलेल्या शिक्षणास आणि अनुभवास मान्यता देण्याची भाषा आहे. तिचा आधार घेऊन विहारात वा विस्तार वर्गात पाली शिकलेल्या प्रौढांची विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि त्या श्रेयांकांसह त्यांस पदवीच्या वर्गात घ्यावे. ती परीक्षा कठोर असावी. आपल्या उपासिकांना सवलतीचे गुण नकोत. त्यांच्या ज्ञानाची नोंद हवी.

दुसरी : प्रमाणपत्र देणाऱ्या महाविद्यालयाने बाहेर पडणाऱ्यांचा पट ठेवावा. किती गेले, का गेले, तीन वर्षांत किती परतले. हा हिशेब जात, लिंग आणि गाव यांसह जाहीर व्हावा. परतणाऱ्यांचा आकडा नसेल तर लवचिकता हा शब्द वापरू नये, सरळ गळती म्हणावे.

तिसरी : परत येणाऱ्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचा हक्क पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याइतकाच निःसंदिग्ध असावा. २०१६-१७ पासून स्वाधार योजना अस्तित्वात आहे. शिक्षणातील खंड हा कोणत्याही योजनेत अपात्रतेचे कारण ठरू नये, अशी मागणी आपल्या संघटनांनी श्रेयांकाच्या मागणीबरोबरच केली पाहिजे.

चौथी आपल्या हातची आहे. विहारांनी पालीचा वर्ग केवळ वर्षावासात भरवू नये. विनयाने नव्या भिक्षूस समर्थ असला तरी पाच वर्षे आचार्याच्या निस्सयात राहण्यास सांगितले आहे, आणि असमर्थ असेल तर आयुष्यभर. काळ शिकणाऱ्याप्रमाणे बदलतो, आचार्याची जबाबदारी बदलत नाही. ज्या मुलाने पहिल्या वर्षानंतर महाविद्यालय सोडले आहे, त्याचा पत्ता विद्यापीठाजवळ नसेल, पण वस्तीतील विहाराजवळ असतो. त्याच्या घरी जाऊन दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरून घेणारा एक माणूस प्रत्येक विहारात असावा. चित्तहत्थास सातव्या वेळी आत घेणारे भिक्षू कुरकुरले, पण त्यांनी दार लावले नाही.

शेवटी शब्दाविषयी. 'प्रमाण' म्हणजे माप. प्रमाणपत्र किती झाले ते सांगते. 'पदवी' या शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थ मात्र मानसन्मान नव्हे; तो आहे वाट, पावलांनी पडलेली वाट. आपल्या भाषेने हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. जून महिन्यात तो मुलगा पुन्हा विचारील, एका वर्षात काय मिळेल? त्यास खरे उत्तर दिले पाहिजे : एका वर्षात माप मिळेल, वाट तीन वर्षांची आहे. आणि त्याच वेळी त्या तीन वर्षांच्या शिदोरीचे काय, हे आपणच आधी ठरवून ठेवले असले पाहिजे. नाहीतर हे उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला नाही.